काकडीचा वास

वडील काय करायचे, असं ऑफिसात कुणी विचारलं तर शैलेंद्र म्हणे, "छोटासा व्यवसाय होता." वाशिष्ठीच्या काठी वडिलांनी चाळीस वर्षं मासे धरायला पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, फेकला, ही गोष्ट नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनमध्ये त्याने एकाच परक्या माणसाला सांगितली. शेजारच्या जगेसरकाकांना.

काका सुरिनामचे. पणजोबा बिहारातून मजुरीला बोटीने तिकडे गेलेले, काका तरुणपणी इकडे आलेले. त्यांची भोजपुरी वळणाची बोली आणि याची मुंबईची हिंदी, लॉकडाऊनच्या लांबलचक संध्याकाळी कुंपणावरून दोघांचं चांगलं जुळलं.

"तुझे बाबा मासा ओळखायचे कसा?" काकांनी एकदा विचारलं.

"वासाने. खाली थवा असला की पाण्याला कोवळ्या काकडीचा वास येतो. मलाही कळतो."

"मग तुला आमच्या नदीवर न्यायलाच हवं!"

आणि सुरिनामला नेलंच. २०२१चा नोव्हेंबर, लसी झालेल्या, विमानं सुरू झालेली. काका, त्यांचे तीन मित्र आणि शैलेंद्र. नदी रानातून वाहत होती, कोऱ्या चहाच्या रंगाची, इतकी संथ की वरचं झाड कुठे संपतं आणि पाण्यातलं कुठे सुरू होतं ते कळू नये. होडी काकांच्या थोरल्या भावाची. बिसुनदादा, वय चौऱ्याहत्तर, हात वेताचे. काठावरच त्यांचं घर, आणि घरात विधवा सून जयंती.

पहिल्याच दिवशी शैलेंद्रने वास घेतला, पाग फेकला, आणि पाग जड झाला. बिसुनदादांनी हात जोडले. "उस्ताद!"

त्या एका शब्दाने त्याचा ऊर भरून आला. जी गोष्ट तो वीस वर्षं लपवत होता, तिच्यासाठी कुणी हात जोडले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी कॉफीला वास नव्हता. त्याने साबण हुंगला. पागाला चिकटलेलं खवलं हुंगलं. काही नाही. ते काय आहे, हे त्या वर्षी शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

होडीत पाय ठेवण्याआधी काका रोज विचारत, "कुणाला ताप, खोकला, काही? आत्ताच बोला. माझा भाऊ म्हातारा आहे."

"ठीक," एकेक जण म्हणाला. शैलेंद्रने तोंड उघडलं, तेवढ्यात दादा हसून म्हणाले, "चल उस्ताद, आज नाक कुठे नेतंय?"

"ठीक," शैलेंद्र म्हणाला.

नदीच्या मध्यावर सगळे गप्प बसून त्याच्याकडे बघू लागले. त्याने डोळे मिटले, पाण्यावर वाकून लांब श्वास घेतला आणि आडव्या पडलेल्या एका खोडाकडे बोट दाखवलं. नुसतं सोंग. पण नशीब कसं असतं बघा, पागात हातभर लांबीचा अंजुमारा मासा तडफडत वर आला. मित्रांनी शिट्ट्या वाजवल्या.

शैलेंद्रच्या घरची रीत होती: पहिल्या माशाचा पहिला घास होडीच्या मालकाला, धरणाऱ्याने आपल्या हाताने भरवायचा. ही रीत त्याने मोठ्या अभिमानाने सगळ्यांना सांगून ठेवली होती. काठावर मासा भाजला, तशा सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. आणि त्याने घास भरवला. दादांनी लहान मुलासारखा आ केला होता.

परतीच्या आधी, बऱ्याच दिवसांनी केलेली चाचणी निगेटिव्ह आली. कागदाने त्याला सोडवलं. पण ते फेल्डहोवनला पोहोचले त्याच दिवशी बातमी आली, दादा ऑक्सिजनवर आहेत.

तीन आठवड्यांनी दादा घरी आले, पण वल्हं उचलण्याइतका दम उरला नव्हता.

"जयंतीने आणलं घरात," काका कुंपणावरून म्हणाले. "शनिवारी भाजी विकायला बाजारात बसली होती ना! आता नातेवाईक तिच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत."

शैलेंद्रने मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

त्या दुपारी फोडणी करपली, घर धुराने भरलं, आणि तो पातेल्याशेजारीच उभा होता. मंजूषाने गॅस बंद केला.

"तुमचं नाक तिकडेच गेलं होतं ना?" नवऱ्याकडे न बघता तिने विचारलं. "कधी?"

"तिसऱ्या दिवशी."

"होडीत बसायच्या आधी?"

धूर जावा म्हणून त्याने खिडकी उघडली.

"आणि त्या बाईच्या हातचं पाणी बंद आहे."

"उद्या सांगतो काकांना."

"उद्या नाही. आत्ता. शर्टसुद्धा बदलू नका."

करपट वासाच्या कपड्यांनीच तो शेजारच्या दारात उभा राहिला आणि सगळं सांगितलं, सोंगासकट. काकांनी एकदा त्याच्या नाकाकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. "मला सांगून काय उपयोग? तिला सांग."

जयंतीने ऐकून घेतलं. मग थकल्या आवाजात म्हणाली, "मी सांगितलं तर म्हणतील, स्वतःला वाचवतेय. तुम्हीच सांगा. बाबूजी रोज तुमची चौकशी करतात."

पलीकडे फोन हातातून हातात गेला. आधी नुसता श्वास ऐकू आला, तुटका, भोक पडलेल्या भात्यासारखा. मग आनंदी आवाज आला, "उस्ताद?"

"दादा, तसं म्हणू नका," शैलेंद्र म्हणाला. "त्या सकाळी मला कसलाच वास येत नव्हता."