वाघोबाचा नारळ

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कुणी विषय काढला की पाणी प्यायच्या निमित्तानं उठून आत जायचो. आता जिला सांगायला हवी होती ती राहिली नाही, तेव्हा कुठं लिहायला बसलोय. यात मोठेपणा काही नाही.

मी एसटीत ड्रायव्हर होतो. सगळी नोकरी जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांवर आणि माळशेजच्या घाटात गेली. गाडीला कधी साधा ओरखडा आला नाही. निवृत्तीच्या दिवशी त्याबद्दल माझा सत्कार झाला, आणि तो सत्कार मी पुढं फार दिवस डोक्यावर घेऊन फिरलो. घरी बसल्यावर खाणं वाढलं, चालणं संपलं. वजन वाढलं, साखर आली, गुडघे कुरकुरू लागले. बसल्या जागी डोळा लागायचा. दशक्रियेच्या प्रवचनात लागायचा, न्हाव्याच्या खुर्चीत लागायचा. लोक हसायचे, मीही हसायचो. माझं घोरणं तर साऱ्या आळीला माहीत. शेजारी एकदा म्हणाला, "तात्या, तुमच्या घोरन्यानं आमच्या गाईनं पान्हा चोरलाय. दुधाचं काय ते तुमीच बघा आता."

बायको मात्र हसायची नाही. ती म्हणायची, "आवो, घोरता त्याचं काय न्हाई. मधीच घोरनं थांबतं ना, त्याचं भ्या वाटतं. श्वासच न्हाई येत. मग मी हलवते तुमाला." ती किती वर्षं अशी मला हलवत होती, मला पत्ता नव्हता.

तिच्याच हट्टानं आम्ही दोघं पुण्याला डॉक्टरांकडं गेलो. तपासण्या झाल्या. वजनासाठी पोटाचं ऑपरेशन करायचं ठरलं. पण झोपेत माझा श्वास वारंवार अडतो, तेव्हा भूल देणं धोक्याचं, असं डॉक्टर म्हणाले. आधी काही महिने रोज झोपताना तोंडावर मास्क लावायचा, मशीननं हवा आत सोडायची. थोडं वजन स्वतः उतरवायचं. मग तारीख. एवढं सांगून झालं आणि बायको औषधं आणायला खाली गेली. ती गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "आणखी एक. मशीन अंगवळणी पडून ही दिवसाची झोप जाईपर्यंत गाडी चालवायची नाही. तुम्हाला कळणारही नाही डोळा कधी लागला ते."

मी मान हलवली. बायको वर आली. जिन्यानं तिला धाप लागली होती. "काय म्हनले?" तिनं विचारलं.

"काय नाय. मशीन लावा, कमी खा."

गाडीचं मी गाळलं. ज्यानं सारा जन्म गाडी हाकली त्याला गाडी चालवू नको म्हणाले, हे बायकोला सांगायची मला लाज वाटली.

मशीन घरी आलं तसं गावाला गंमत झाली. "तात्याला मोटर बसवली म्हनं. किती एचपीची?" पारावर अशी चौकशी व्हायची. माझे हात मागं पोहोचत नसत, म्हणून मास्कचा पट्टा बायको बांधायची. बांधून झाला की बोट घालून बघायची, फार आवळला तर नाही ना. तिला झोप लागली की मी तो काढून ठेवायचो. जीव गुदमरतो असं स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मला तोंडावरच्या त्या नळीची, त्या सोंडेची शरम वाटायची. फोनवर डॉक्टरांच्या माणसानं विचारलं की सांगायचो, रोज लावतो.

त्या दिवसांत मंचरला नात्यातल्या एका मुलीचा साखरपुडा होता. आम्ही आमच्या जुन्या गाडीनं गेलो, मीच चालवत. जेवणात पुरणपोळी होती. बायको दोनदा म्हणाली, "पुरे आता, डॉक्टर काय म्हनलेत?" मी वाढप्याला ताट पुढं केलं. दुपारी परत निघालो. हायवेवर ट्रकांच्या गर्दीत मी जागा राहिलो. हायवे सोडून आमच्या बोरी बुद्रुककडच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना उभा ऊस, रस्ता मोकळा. बायको मानाची मिळालेली साडी मांडीवर उलगडून काठ बघत होती. एवढं मला आठवतं. पुढचं आठवतं ते गाडी रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत तोंड खुपसून उभी आहे आणि बायको उजवं मनगट डाव्या हातात धरून बसली आहे.

उसातली तोडणीची माणसं धावत आली. त्यांतल्या पुढच्यानं दार ओढता ओढता विचारलं, "पावणं, काय आडवं आलं?"

त्यानं असं विचारलं नसतं तर मी काय बोललो असतो, माहीत नाही. पण त्यानं विचारलं आणि मी म्हणालो, "बिबट्या."

आमच्या भागात या शब्दाला कुणी पुरावा मागत नाही. लगेच एकजण म्हणाला, "परवा पाटाच्या कडंला दिसलाच व्हता." दुसरा खाली वाकला. "ह्ये बघा ठसे." ते कुत्र्याचे ठसे होते, मला दिसत होतं. तिसरा आमच्याच गावचा, तो म्हणाला, "तात्या व्हते म्हनून निभावलं राव. दुसरा कुनी असता तर उलटीच झाली असती गाडी." बायकोनं माझ्याकडं पाहिलं. दुखत असतानाही तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल अभिमान होता. तिथंच बोलायला हवं होतं.

पुढं वनखात्याची माणसं आली, उसाच्या कडेला पिंजरा लागला. काही दिवस पोरांना शाळेत पोचवायला मोठी माणसं जाऊ लागली. पिंजऱ्यात काही सापडलं नाही. मी त्या बाजूला फिरकलो नाही.

बायकोचं मनगट प्लास्टरमधून निघालं ते वाकडंच. भाकरी थापताना हात वळेना. बाजरीची एवढी मोठी, पातळ भाकरी करणारी बाई, ती आता लहान लहान भाकऱ्या करायची आणि त्यांच्या कडा फाटायच्या. मास्कचा पट्टा ती एका हातानं ओढायची आणि दुसरं टोक दातात धरायची. त्यानंतर मी तो काढला नाही. पण शहाणपण येऊन नव्हे. तिचे ते दात बघून.

तिचं माहेर आंबेगावच्या पश्चिमेला, भातखाचरांच्या मुलखात. आमचीही मुळं तिकडचीच. धरणात जमीन गेली तेव्हा वडील खाली आले. तिकडं दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात. गावाच्या शिवेवर शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड आहे, त्याला खीर आणि नारळ देतात, म्हणजे तो गुराढोरांना आणि माणसांना सांभाळतो. त्या वर्षी बायको म्हणाली, "त्यो आडवा आला आन् तसाच गेला. त्यानं राखलं आपल्याला. नारळ द्यायला पायजे." आम्ही गेलो. दगडापुढं तिनं साऱ्यांना सांगितलं, "वाघरू एकदम म्होरं. पन ह्यांनी अशी वळवली गाडी!" तिच्या भावानं माझ्या पाठीवर थाप मारली, "दाजी, डायवर म्हंजे डायवर." मग तिनं नारळ माझ्या हातात दिला. तिच्या हातानं आता नारळ फुटत नव्हता. तो मी फोडला.

त्यानंतर पुण्याला तपासणीला गेलो. ऑपरेशनची तारीख ठरायची होती. डॉक्टरांनी तिचा हात पाहून विचारलं, काय झालं. तिनं सरळ सांगितलं, "बिबट्या आडवा आला. हे गाडी चालवत व्हते."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "गाडी चालवत होता? मी नको म्हणालो होतो ना? झोप लागेल म्हणून सांगितलं होतं."

मी माझ्या चपलांकडं बघत राहिलो. बायको माझ्याकडं बघत होती, हे न बघताही कळत होतं. डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. बाहेर आलो, रस्ता ओलांडला, स्टँडवर येऊन बसलो. ती काही विचारील म्हणून मी वाट बघत होतो. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मला आजही म्हणावंसं वाटतं. बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली, "भूक लागली का? भाकरी आनलीय." फडक्यात फाटक्या कडांची भाकरी होती. ती मी खाल्ली.

ऑपरेशन झालं. दवाखान्यात ती पायाशी बसून होती. वजन उतरलं, साखर ताब्यात आली. बाजारात लोक म्हणायचे, "तात्या, वळखू येईना राव." पुढच्या वाघबारसीला मला वाटलं, यंदा ती जायचं नाव काढणार नाही. आदल्या दिवशी ती म्हणाली, "नारळ आना." दगडापुढं तिच्या भावानं ती गोष्ट सांगायला घेतली, तेव्हा ती खाली वाकून पानावरची खीर सारखी करत राहिली. त्या वर्षीपासून तिनं ती गोष्ट तोंडातून काढली नाही, आणि भावाला कधी अडवलंही नाही. तिला सगळं कळलं होतं, असं मी धरून चाललोय. तिनं मला चारचौघांत उघडं पाडलं नाही. मी दर वर्षी तिच्या हातून नारळ घेऊन फोडत राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. छातीत कफ झाला, दवाखान्यात नेली, परत आणता आली नाही. शेवटच्या दिवसांत तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मी शेजारी बसून तो नीट करायचो, पट्ट्याखाली बोट घालून बघायचो. बोलायला सुरुवात केली होती एकदा. "अगं, त्या दिवशी गाडी..." एवढंच म्हणालो. तिनं डोळे उघडले. तेवढ्यात नर्स आली आणि मी बाजूला झालो. नर्स गेल्यावर पुन्हा बोलता आलं असतं. मी चहा प्यायला खाली गेलो.

यंदा वाघबारसीला मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, ताई न्हाई म्हनून काय झालं, तुमी या." मी गेलो. तिथं त्याचा नवा जावई होता. मेव्हणा त्याला म्हणाला, "आमच्या दाजींना वाघरू आडवं आलं व्हतं. सांगा की दाजी, आज तुमीच सांगा." सगळे माझ्याकडं बघू लागले. मी म्हणालो, "तूच सांग. तू चांगली सांगतोस." त्यानं सांगितली. मी नारळ फोडला.

घरी आल्यावर तिच्या कॉटसमोर बसलो. जे बोलायचं होतं ते एवढंच होतं, आणि ते एका दमात बोलता आलं असतं:

गाडीला कुणी आडवं आलं नव्हतं. मला झोप लागली होती. लागेल हे मला माहीत होतं, आणि तरी मी तुला शेजारी बसवलं. तुझा हात माझ्यामुळं गेला. माझं चुकलं गं.