चिमाबाईच्या सपनातली छत्री

चिमाबाईला सपान पडतं ते दुपारी. रात्री ती दगडासारखी झोपते. पण दुपारी गायरानात करंजाच्या सावलीला मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून गोळा झाल्या, की घोंगडीची घडी पाठीशी घेऊन चिमाबाई खोडाला टेकते. रवंथाचा तो संथ, ओला आवाज चालू असतो. दूर घोडनदीच्या अंगाला कुणाची तरी पाण्याची मोटार चालू असते. मग डोळे मिटलेत की उघडे आहेत हे तिचं तिलाच कळत नाही, आणि अशा वेळी जे दिसतं ते सपान.

वाडीला या सपनाची सवय लागली त्याला बरीच वर्षं झाली. तिचा नवरा ज्योतिबा तेव्हा हयात होता. पंचायतीची निवडणूक होती आणि चिमाबाईला नदीवरून तरंगत चाललेली कपबशी दिसली. तिनं हे शेजारणीला गंमत म्हणून सांगितलं. वाडी हसली, आणि नेमका कपबशीवाला निवडून आला. वर त्यानं वाडीत नळ आणला. पुढच्या खेपेला शिट्टी दिसली, तर शिट्टी आली. तेव्हापासून वाडीनं आपल्या डोक्याला ताप द्यायचं सोडलं. तसे हिशेब सगळेच करतात. भावकी कुणाची, दवाखान्यात नेताना गाडी कुणी काढली, म्हातारा गेला तेव्हा कोण मातीला आलं आणि कोण नुसता फोनवर हळहळला, हे सगळं ज्याच्या त्याच्या मनात असतं. पण एवढं करून कडी लावायची ती चिमाबाईच्या सपनानं. मतदान जवळ आलं की जो तो येता-जाता विचारी, ‘काय दिसलं?’ ती वस्तूचं नाव सांगे आणि माणूस आपल्या वाटेनं जाई. त्याच्या पुढचं-मागचं कुणी कधी विचारलं नाही.

औंदा सरपंचाची निवडणूक थेट जनतेतून होती. एका बाजूला ज्ञानेश्वर. रस्त्यावर पाइप-मोटारींचं दुकान, जिभेवर साखर, वाडीतल्या बायकांना मिनीबसनं ओझर आणि भीमाशंकर दाखवून आणलेला माणूस. त्याची निशाणी छत्री. दुसऱ्या बाजूला उज्ज्वला, चिमाबाईच्या चुलतदिराची सून, बचत गट चालवणारी. तिच्या वाट्याला मिक्सर आला. ते कळल्यावर तिनं कपाळालाच हात लावला. मेंढरामागं जन्म गेलेल्या बाईच्या सपनात मिक्सर कुठून यायचा?

चिमाबाईच्या सुनेनं, निर्मलानं, त्यावर आपल्या परीनं उपाय केला. मिक्सर स्वयंपाकघरातून उचलून ओटीवर आणून ठेवला. सासू मेंढ्या सोडायला निघाली की ती मुद्दाम शेंगदाण्याचा कूट फिरवायला घ्यायची. त्या घरघरीनं कोकरं बुजून दावी ओढायची. ज्ञानेश्वरही कमी नव्हता. कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात काळी छत्री उघडून तो गायरानात आला आणि चिमाबाईशेजारी तासभर बसून राहिला. ‘आजी, सावली कशी वाटतीय?’ असंही त्यानं विचारलं. चिमाबाईनं चांगली वाटते म्हणून सांगितलं. मेंढ्या मात्र छत्रीला बिचकून लांब गेल्या, मग तिलाही उठून त्यांच्यामागं जावं लागलं.

गंमत गंमतीच्या जागी. पण खरा प्रश्न त्या गायरानाचाच होता. तिथं सोलरचा प्रकल्प आणायचा ज्ञानेश्वरचा बेत होता. नुसती कुसळं उगवणारी जमीन, तिला तारेचं कुंपण पडेल, डांबरी रस्ता होईल, चार पोरं कामाला लागतील, असं तो घरोघरी सांगत होता, आणि त्यातलं खोटं काही नव्हतं. उज्ज्वला म्हणत होती, गायरान द्यायचं नाही. चिमाबाईपुरतं सांगायचं, तर कुंपण पडलं की मेंढ्या विकायच्या. गोरक्ष, तिचा लेक, कधीचा पोल्ट्री टाकायची म्हणत होता. मेंढ्या गेल्यावर दुपारी करंजाखाली जाऊन बसायला कारणच उरणार नव्हतं.

एकदा भाकरी थापता थापता निर्मलानं बोलून टाकलं.

“आत्याबाई, मिक्सर दिसला म्हना आन मोकळ्या व्हा. वाडीची मतं एकगठ्ठा पडत्याल.”

चिमाबाई चुलीपुढं हात शेकत होती. तिनं एक लाकूड आत सारलं.

“न दिसलेलं दिसलं म्हनू?” ती म्हणाली. “मंग उद्या खरं दिसलं तर माझं मला तरी खरं वाटंल का गं?”

आणि सपान पडलं. मतदान चार दिवसांवर आलेलं. गवत पिकून सोनेरी झालं होतं, वाऱ्यानं त्याच्या लाटा डोंगराकडं जात होत्या. त्या लाटांच्या मधोमध छत्री उभी होती. काळी. आधी माणसाएवढी, मग करंजाएवढी, मग तिच्या काड्या पार डोंगरापर्यंत गेल्या आणि आभाळ झाकलं गेलं. खाली गारवा पसरला, चांगला अंगाला सुखावणारा. मेंढ्या खुशीनं आत शिरल्या, त्यांनी माना खाली घातल्या, तर जमीन झाडून काढल्यागत मोकळी. गवताची एक काडी नाही. मग त्या छत्रीची कड शोधत चालू लागल्या. चिमाबाईही चालू लागली. कडेला उजेडाची एक रेघ दिसत होती, पण जवळ जावं तसतशी ती पुढं सरकत होती. सगळ्यांच्या पुढं ज्योतिबा चालला होता, खांद्यावर घोंगडी, हयातीत असायचा तसाच जरा डावीकडं झुकलेला. तिनं हाक मारली. तो वळला नाही.

जागी झाली तेव्हा मेंढ्या तिच्याभोवती तशाच उभ्या होत्या. तिनं जवळच्या मेंढीच्या लोकरीत हात खुपसला. ऊब होती.

घरी येताना पारावर सावळेराम भेटला, तिच्याच वयाचा. त्यानं नेहमीसारखं विचारलं. छत्री, म्हणून तिनं सांगितलं, आणि पुढं सांगायला तोंड उघडलं तोवर त्यानं फोन कानाला लावला होता. दिवेलागणीपर्यंत खाली गावात फटाके वाजले. वाडीतली उद्याची सभा ज्ञानेश्वरनं रद्द केली. पक्क्या मतांमागं कशाला धावायचं, अशी त्याची समजूत.

निर्मलानं जेवणाची ताटं जरा आपटूनच वाढली. मिक्सर पुन्हा आत गेला. जेवणं होत होती तेवढ्यात उज्ज्वला आली आणि उंबऱ्याशी टेकली. रडायला आली असेल, नाहीतर काही पढवायला, असं चिमाबाईला वाटलं. पण तिनं निराळंच विचारलं.

“चिमाआत्या, छत्री व्हती कुठं?”

चिमाबाईचा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. तिनं गवताच्या लाटांपासून ज्योतिबापर्यंत सगळं सांगितलं, सावकाश, एकही गोष्ट न गाळता. गारवा फार चांगला होता, हेही सांगितलं. निर्मला पाण्याचा तांब्या हातात धरून दाराशी उभी होती, ती तशीच खाली बसली.

दुसऱ्या दिवशी कांद्याच्या लागणीला वाडीतल्या बाया एका ओळीत वाकल्या होत्या. निर्मलानंच विषय काढला, आणि बांधावर बसलेल्या चिमाबाईला सपान पुन्हा सांगावं लागलं. हातातली रोपं थांबली. मग ज्याचं त्याचं सुरू झालं. साधनाचा पोरगा शिकून घरी बसलेला. सावली गार होती म्हणता, मग त्यात वाईट काय, म्हणून तिनं सरळ विचारलं. आशाला तिच्या शेळ्या आठवल्या. कुणी म्हणालं, गवऱ्यांना शेण कुठून आणायचं. कुणी म्हणालं, रस्ता नाही म्हणून तर बाळंतिणीला झोळीतून न्यावं लागलं होतं, ते विसरलात का. चिमाबाईनं कुणालाच अडवलं नाही. शेवटी सगळ्या तिच्याकडं बघायला लागल्या, तेव्हा तिनं पदर सारखा केला.

“मला दिसलं ते मी सांगितलं. बटन तुमचं तुमी दाबा.”

बायांना ते जरा जडच गेलं. एवढी वर्षं आयतं मिळत होतं.

मतदानादिवशी शाळेत पुठ्ठ्याच्या आडोशामागं चिमाबाई बराच वेळ उभी होती. मशीनवरचा मिक्सर निर्मलाच्या मिक्सरसारखा मुळीच दिसत नव्हता. तिनं बटण दाबलं, लांबलचक शिट्टी वाजली, आणि ती दचकून हसली.

वाडीची मतं पहिल्यांदाच फुटली. साधनानं छत्रीच धरली आणि ते तिनं लपवलंही नाही. उज्ज्वला निवडून आली ती अगदी थोडक्या मतांनी.

गुलाल उतरल्यावर एका दुपारी ज्ञानेश्वर गायरानात आला. एकटाच, उघड्या डोक्यानं. मेंढ्या करंजाखाली नुकत्याच गोळा झाल्या होत्या.

“आजी, राग न्हाई,” तो म्हणाला. “पन छत्री दिसली म्हनला व्हता ना?”

“दिसली की. लई मोठी व्हती.”

“मंग?”

“मंग फुडं काय दिसलं ते तू कुठं इचारलंस, न्यानबा?” चिमाबाईनं घोंगडीची घडी उलगडून त्याच्याकडं सरकवली. “बस. सांगते.”

ज्ञानेश्वरनं एकदा रस्त्याकडं पाहिलं. मग चपला काढल्या आणि मांडी घातली. या वेळी मेंढ्या बिचकल्या नाहीत.