बरा झालेला खांदा

माझे मिस्टर फौजेतून निवृत्त होऊन आले तेव्हा मी ठरवलं होतं, आता सकाळचा चहा दोघांनी गॅलरीत बसून आरामात घ्यायचा. चहा सुरू झाला, पण त्यांचा उजवा खांदा काही आराम करू देईना. सीमेवर असताना तिथे झालेली जखम केव्हाच भरली होती, एक्स-रेही स्वच्छ. तरी निवृत्तीनंतर अंबडच्या कारखान्यात धरलेल्या सिक्युरिटीच्या नोकरीवर कुठे ट्रकचा टायर फुटला, की दोन दिवस हात वर होत नसे.

आणि हाच माणूस एकदा तापलेला तवा उघड्या हाताने उचलून ओट्यावर ठेवून मोकळा झाला. बोटांना फोड आले. मी बर्फ घेऊन धावले, तर विचारतात, "कशाला?"

नातेवाईक म्हणायचे, खांद्याचं सोंग आहे. खरं सांगते, मलाही अधूनमधून तसंच वाटे.

शेवटी त्यांना मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. खांद्यासाठी डोक्याचा डॉक्टर कशाला, म्हणून रस्ताभर कुरकुर. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं, दुखणं किती जाणवायचं ते मेंदू ठरवतो, आणि यांचा मेंदू अजून पहाऱ्यावर उभा आहे. तो भाजलेलं दाबून टाकतो आणि मोठा आवाज झाला की जुनी जखम ताजी समजतो.

"म्हणजे मी नाटक करत नाही?" ह्यांनी विचारलं.

"नाही. दुखणं खरंच आहे. धोका संपलाय, एवढं मेंदूला शिकवायचंय."

हे बराच वेळ चष्माच पुसत राहिले.

मग दर आठवड्याला आमची वारी तिकडे. हळूहळू ते सीमेवरचं बोलू लागले. काही गोष्टी मलाही नव्याने कळल्या. मीही माझी सोंगाची शंका कबूल केली. हसून म्हणाले, मलाही तीच होती.

टायर फुटला की अजून दचकतात, पण संध्याकाळपर्यंत हात वर जातो.

यंदा उन्हाळ्यात चांदवडला नणंदेकडे गेलो. दिवसभर हे नणंदेच्या नवऱ्याबरोबर कांदे साठवणीच्या चाळीत भरत होते. संध्याकाळी खांदा धरून बसलेले पाहिले आणि मी हातातलं काम टाकून जवळ गेले.

"दादा, लय दुखतंय का?" नणंदेने विचारलं.

"दुखतंय. तुझ्या नवऱ्याचं दुखतंय तेवढंच."

दुसऱ्या दिवशी आम्ही उठायच्या आत हे चाळीत पोचले होते.