शेवंतीची तोंडी परीक्षा

चार निवृत्त शिक्षिका जमल्या की आधी गुडघे निघतात, मग किस्से! माझे निम्मे किस्से एकट्या शेवंतीचे.

वाशी नुकती वसत होती. शेवंती खाडीकाठच्या जुन्या गावातून आमच्या शाळेत यायची. तिसरीत दोनदा नापास. तशी भारी बोलकी, पण पुस्तक उघडलं की गप्प! "अक्षरं हलतान, बाई," म्हणायची. असं का होतं, ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मोठ्या बाईंनी बजावलं, "यंदा नापास झाली तर सरळ दाखला देईन!"

*

एकदा तिला धडा वाचायला उभी केली. काय सांगू, घडाघडा वाचला! मध्येच म्हणाली, "मागच्या बाकावर कोण बोलतंय रे?"

आदल्या दिवशी धडा वाचताना मी त्याच ओळीवर ओरडले होते!

*

न राहवून तिच्या घरी गेले. तिची आत्या धवलारीण, म्हणजे लग्नातले विधी गाणी म्हणत लावणारी. ती एक ओळ म्हणे, समोरच्या पोरी तीच परत म्हणत. शेवंती सगळ्यांत पुढे!

मी विचारलं, "ही गाणी कुठे लिहून ठेवलीत का?"

आत्या केवढी हसली. "बाई, आमच्यात बगून गानारी नापास!"

*

दुसऱ्या दिवसापासून मीही वर्गात तसंच सुरू केलं. शेजारच्या वर्गाचे पाटीलसर वैतागले. "बाई, शाळा आहे की लग्नाचा मांडव?"

त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. दिवाळीपर्यंत त्याला सतराचा पाढा पाठ! सर हळूच म्हणाले, "चालू द्या मांडव."

*

वार्षिक परीक्षा आली. शेवंतीची तोंडी घ्या म्हणून मी मोठ्या बाईंच्या अक्षरशः हातापाया पडले. त्या तयार झाल्या, पण दाखला लिहून टेबलावर ठेवूनच! आत्या माझ्यासोबत दाराशी थांबली.

मोठ्या बाई प्रश्न वाचत होत्या, शेवंती पटापट उत्तरं देत होती. बाईंचाही वेग वाढला. "प्रश्न पाचवा..."

"थांबा, बाई! तीननंतर पाच? चौथा राह्यला!"

मोठ्या बाईंनी कागद पाहिला. चष्मा काढून पुसला. मग दाखला उचलून ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाल्या, "प्रश्न चौथा."

आत्या माझ्या कानाशी आली. "बाई, या बगूनच वाचतान ना?"