आजोबांच्या खांद्यावरचे तारे

पेंटरबाबांना पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, की काय काम आहे तेही विचारलं नाही. हनुवटीला दोन बोटं लावून माझा चेहरा खिडकीकडे वळवला, डोळे बारीक केले आणि सांगून टाकलं, "तुले निळा रंग शोभते. पिवळा नको घालत जाऊ वं पोरी, कावीळ झाल्यावानी दिसून राहिली." मी अर्थातच पिवळा कुर्ता घालून गेले होते. बँकेत सव्वीस वर्षं काढलेली बाई मी, कोणाचं ऐकून घेणारी नाही. पण अठ्ठ्याऐंशी वर्षांचा हा म्हातारा इतक्या मायेनं बोलला, की मला हसूच फुटलं.

इतवारीत भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत त्यांच्या मुलाचं फोटो-फ्रेमचं दुकान आहे. मागच्या खोलीत, खिडकीशी, पेंटरबाबा बसायचे. जन्मभर त्यांनी एकच धंदा केला, काळेपांढरे फोटो मोठे करून त्यांवर ब्रशनं रंग चढवण्याचा. रंग म्हणजे गालावरची लाली एवढंच नव्हे. ज्याला हयातीत धड सदरा मिळाला नाही, त्याला मेल्यावर कोट मिळायचा. फेटा, मनगटावर घड्याळ, खिशाला पेन, जे मागाल ते. वर त्यांचं तत्त्वज्ञान तयार असे: "जित्तेपणी मानसाले कोनी प्रमोशन देत नाही. मंग आपन काहून कंजुषी कराची?"

एकदा एका हातगाडीवाल्याच्या मुलानं बापाचा फोटो आणला. पेंटरबाबांनी झकास सूट चढवला, टाय बांधला. दुसऱ्या दिवशी हातगाडीवाल्याची बायको दुकानात उभी. म्हणाली, कोट राहू द्या, थंडीत त्याला पाहिजेच होता. पण गळ्यातला फास काढा, हा माणूस कोणाच्या बांधण्यातला नव्हता. पेंटरबाबांनी निमूट टाय पुसला. ही गोष्ट सांगताना ते मांडीवर थाप मारून हसत आणि म्हणत, बाई खरी पारखी होती. मेल्यावर काढलेल्या फोटोतले मिटलेले डोळेही ते उघडून देत. त्याबद्दल त्यांचं म्हणणं होतं, "डोये उघडाले पाच मिनटं लागते. पन मानूस कुठी पाहून राह्यला, हे ठरवाले दोन दिवस."

मी त्यांच्याकडे गेले ती मात्र अडचणीत सापडून. आमचं मूळ गाव रामटेकजवळ. माझे बाबा तिथल्याच शाळेत शिकले आणि पुढे तिथेच गुरुजी झाले. शाळेला नवं फाटक बांधायचं ठरलं, त्यावर आजोबांचं नाव कोरायचं होतं: 'कॅप्टन' अमुक अमुक. दुसऱ्या महायुद्धात आजोबा पलटणीत होते, हे घरात सगळ्यांना माहीत. कॅप्टन होते, हे भिंतीवरच्या मोठ्या रंगीत फोटोवरून. दोन्ही खांद्यांवर तीन-तीन तारे. फौजेतल्या कोण्या पाहुण्यानं कधीकाळी ते मोजून सांगितलं होतं, की हा तर कॅप्टन. आजोबा गेले तेव्हा बाबा अकरा वर्षांचे. लढाईबद्दल आजोबा घरात चकार शब्द बोलत नसत, त्यामुळे विचारणार कोणाला?

फाटकाच्या समितीनं हुद्द्याचा एक कागद मागितला, नियमाप्रमाणे. मी हौसेनं लष्कराच्या कचेरीत अर्ज केला. उत्तर आलं, या नावाचा, या गावचा कोणी अधिकारी नोंदीत नाही. बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि पाटावरून उठले, ताटातली भाकरी तशीच राहिली. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलेला. मला एवढंच म्हणाले, "म्हणजे मी सगळ्या गावाशी खोटं बोललो काय गं?" दगड घडवणाऱ्याला आम्ही थांबायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मी फोटो कापडात गुंडाळून इतवारीत आले. रंगाखाली काही लिहिलेलं असलं तर दिसेल, एवढीच आशा होती.

पेंटरबाबांनी फोटो मांडीवर घेतला. चष्मा काढला, परत घातला. मग नखानं एका बटणावर टकटक केलं. चौथ्या बटणात मोहरीएवढा लाल ठिपका होता. आमच्या घरात जवळजवळ सत्तर वर्षं तो कोणाला दिसला नव्हता. तो त्यांचा शिक्का होता, प्रत्येक कामात कुठे ना कुठे ठेवलेला.

"हे तं माह्या हातचं पहिलं काम होय," ते म्हणाले. "उस्तादानं एकट्याले करू देल्लं ते पहिलं. तारे मीच देल्ले, पोरी."

मी तिथल्या स्टुलावर बसले. हसावं की रडावं कळेना. तारे कोणी मागितले होते, तर कोणीच नाही! विशीतला पोरगा, पहिलं काम. खांदे रिकामे रिकामे वाटले, म्हणून उत्साहात देऊन टाकले. आमचा कॅप्टन इतवारीतल्या ब्रशनं झाला होता, आणि आम्ही त्याच्या नावानं फाटक बांधायला निघालो होतो. आजोबा गेल्यावर फोटो घेऊन आलेल्या माझ्या आजीनं सांगितलं होतं ते वेगळंच. तेही त्यांना लख्ख आठवत होतं. आजोबांच्या डाव्या दंडावर पांढरी पट्टी होती. आजी म्हणाली होती, ही पट्टी झाका. लेकरं विचारतील, बाबाले काय लागलं, तर मी काय सांगू? म्हणून त्यांनी पट्टीवर बाही रंगवली.

कसली पट्टी, हे ना आजीला ठाऊक होतं, ना त्या पोराला. मी विचारलं, दिसेल का परत? त्यांनी लाल ठिपक्यावरून बोट फिरवलं. पहिलं काम होतं ते, आणि आपल्याच हातांनी पुसायचं. मग म्हणाले, चेहऱ्याचा रंग तेलाचा आहे, तो हलत नाही. कपड्यांचा गोंदाचा आहे, पाण्यानं निघेल. तीन दुपारी ते कापसाचा ओला बोळा घेऊन बसले. एकेक बोट रंग काढत. मी बँकेतून अर्ध्या दिवसाची सुटी टाकून शेजारी बसायची, आणि ते मला रागावायचे की श्वास फोटोवर सोडू नको. तिसऱ्या दुपारी बाहीखालून पांढरी पट्टी निघाली. पट्टीवर गडद क्रॉस होता, दवाखान्याच्या गाडीवर असतो तसा.

मी पुन्हा अर्ज केला, या खेपेला अधिकारी न लिहिता. चार महिन्यांनी उत्तर आलं. आजोबा ब्रह्मदेशच्या आघाडीवर स्ट्रेचर उचलणारे शिपाई होते. गोळीबार चालू असताना जखमींना डोंगरातून खांद्यावर खाली आणायचं काम. मी बाबांना फोनवर वाचून दाखवलं. मला वाटलं, वाईट वाटेल त्यांना. पण त्यांना त्यांचा बाप आठवत होता. गावात कोणी आजारी पडलं की खाटेवर घालून रामटेकला न्यावं लागे; खाटेचा पुढचा पाय नेहमी आजोबांच्या खांद्यावर. चालता चालता खांदा बदलत, पण खाट हलत नसे. बाकीचे दमून बदलले, तरी ते खाट सोडत नसत. गावाला वाटे, गड्याच्या अंगात ताकद फार. बाबांनी त्याच दिवशी दगडवाल्याला स्वतः फोन केला. कॅप्टन काढा, नाव ठेवा, आणि खाली लिहा: यांनी जखमी माणसं उचलून आणली.

मग ते माझ्याबरोबर इतवारीत आले. पेंटरबाबा त्यांना पाहून उठायला लागले, हात जोडायला लागले. म्हणाले, गुरुजी, माह्यामुळे तुमाले खाली पाहावं लागलं. बाबांनी त्यांचे हात धरून खाली बसवलं आणि म्हणाले, तुम्ही झाकलं म्हणून ते जपून राहिलं. दोघेही म्हातारे डोळे पुसत हसत होते, आणि त्यांचा मुलगा चहा सांगायला पळाला. फोटो मधे ठेवला होता. डाव्या दंडावर पट्टी आली होती, खांद्यांवरचे तारे अजून तसेच होते. पेंटरबाबांनी त्यांना हात लावला नव्हता. त्यांनी विचारलं, राहू देऊ का? छान चमकतात, फोटोची शोभा आहे, आणि आता कोण मोजतो.

बाबा एरवी शाळेतली शुद्ध मराठी बोलतात. त्या दिवशी गावाची बोली तोंडात आली.

"पुसा, पेंटरबाबा. त्या खांद्यायवर मानसं होती. ताऱ्यायले जागाच कुठी होती?"

पेंटरबाबांनी मान डोलावली आणि कापूस ओला केला. पाण्याची वाटी बाबांनी धरली.