लाल पेला

आत्याच्या उशाशी लाल पेला होता. बाकी सगळ्यांचे निळे. ताटावरही लाल ठिपका, आणि खाट भिंतीकडे सरकवलेली. तारोडीच्या त्या वृद्धाश्रमाच्या दारातच माझं डोकं सणकलं. लहानपणी मला जातिभेदाविरुद्धच्या पत्रकांच्या घड्या घालायला बसवणारी हीच आत्या. त्यांवर छापलेलं असायचं, एक पाणवठा, एक पंगत. आणि आता तिचंच भांडं वेगळं?

"बॅग भरा तिची," मी ओरडले. "आत्ता घरी नेतेय तिला."

सेविका गावातलीच कोळीण. ती आत्याचं डायपर बदलत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, आधी हात धुवा, मग भांडा. मी कुठं पलून न्हाय चालले."

मी खिशातलं सॅनिटायझर चोळलं.

"त्यानं न्हाय मरत हे जंतू. साबन-पानी. जुलाब हायेत त्यांना, पसरनारे. बाजूची आजी कालच दवाखान्यातून आली. तिला लागले तर ती न्हाय वाचायची. म्हनून लाल."

बाजूची आजी म्हणजे चादरीखालची एक सुरकुती होती, इतकी लहान.

सेविकेने हातमोजे उलटे करत काढले, एप्रनसकट झाकणाच्या डब्यात टाकले आणि नळाखाली हात धरले. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट. मग आजीची चादर नीट केली. पुन्हा नळ. तिसरीला पाणी पाजलं. पुन्हा नळ. अकरा खाटा. तिच्यावर नजर ठेवायला कुणी साहेब नव्हता. मी मोजायला लागले आणि मध्येच मोजणं विसरून नुसती बघत राहिले. तिच्या बोटांची सालं निघाली होती.

"मासली साफ करून बी एवढी न्हाय गेली कधी," ती हसली.

आत्या क्षीण आवाजात म्हणाली, "येडे, माझं सगळं ती पुसते. रोज. तोंड वाकडं न करता. विटाळ मानणारा जवळ येत नाही गं. तू बघ, मघापासून दारातच उभी आहेस."

इतकी वर्षं समतेवर बोलले, पण अशी सेवा करणारी बाई दिवसातून इतक्या वेळा हात धुते हे मला ठाऊक नव्हतं.

मी हात धुतले, एप्रन चढवला. लाल पेल्यातून आत्याला घोट घोट पेज पाजली. बॅग खाटेखालीच राहू दिली.

निघताना पुन्हा नळ सोडला. मागून आवाज आला, "अंगठा राहिला, ताई."