सांगलीची ताई

मद्रासजवळच्या आवडी गावी लष्करी कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायला आलो तेव्हा आमच्या ह्यांनी मला पहिली ताकीद दिली ती ही, की कारखान्यात काय बनतं ते बाहेर कुणाला सांगायचं नाही. मी म्हटलं, मला तरी कुठे माहीत आहे? तर म्हणाले, तेच बरं. काय बनतं ते बसच्या कंडक्टरपासून फुलवालीपर्यंत सगळ्या आवडीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आमच्या घरात. ह्यांचा डबासुद्धा गेटवर उघडून बघायचे, आणि त्याचा राग यायचा सोडून ह्यांना अभिमानच वाटायचा.

अशा माणसाने घरात इंटरनेट घेतलं. मुलगी सातवीत होती. शाळेतून सारखं काहीबाही शोधून आणायला सांगायचे, आणि बाजारातल्या ब्राउझिंग सेंटरमध्ये पोरीला एकटीला पाठवायला माझं मन धजेना. कॉम्प्युटर ठेवला हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून, म्हणजे मला पोळ्या लाटता लाटता दिसावं. त्याच रविवारी ह्यांनी नियम काढले, ऑफिसच्या परिपत्रकात असतात तसे, आकडे घालून. अनोळखी व्यक्तीस नाव, पत्ता, शाळा, वेळापत्रक अथवा छायाचित्र देऊ नये. अनोळखी व्यक्तीचा संदेश आल्यास उत्तर न देता पालकांस तात्काळ दाखवावा. मुलीने वाचून विचारलं, "तात्काळ म्हणजे उडने ना, बाबा?" तिला मराठीपेक्षा तमिळ जवळची, 'लगेच'ला ती उडनेच म्हणायची. हो म्हटल्यावर तिने सही केली, आणि साक्षीदार म्हणून खाली माझी सही घेतली. मीही मोठ्या ऐटीत केली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. वेडेपणा होताच, पण त्याला कारण होतं. मद्रासकडे राहणाऱ्या मराठी माणसाला मराठी कानावर पडलं की त्याचं भान सुटतं. एकदा लोकलमध्ये एक बाई आपल्या मुलाला "कार्ट्या, आत सरक" म्हणाली. तेवढ्यावर मी जागा सोडून तिच्याजवळ जाऊन बसले. कुठल्या तुम्ही, माहेर कुठलं, सासर कुठलं, साहेब कशात आहेत. आंबत्तूर स्टेशन येईपर्यंत माझा पत्ता तिच्याकडे आणि तिची वांग्याची भाजी माझ्याकडे. पुढच्या रविवारी ते चौघं आमच्याकडे जेवायला. ह्यांनीही त्यांना आग्रह करकरून वाढलं. अनोळखी म्हणजे कोण, तर ज्याची बोली कळत नाही तो. मराठी बोलणारा अनोळखी असू शकतो हे आमच्या डोक्यातच नव्हतं. ह्यांच्या परिपत्रकातही नव्हतं.

दुपारी घर खायला उठायचं. हे सकाळी भोंग्याच्या आत कारखान्यात, मुलगी चार वाजेपर्यंत शाळेत. टीव्हीवर तमिळ मालिका, त्यातलं रडणं तेवढं कळायचं. मुलीनेच मला एका सुट्टीत चॅट कसं करायचं ते शिकवलं. मराठी लोकांची एक चॅट रूम होती, तिथे सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. माझी बोटं कोंबडीने दाणे टिपावेत तशी चालायची, पण समोरून "जेवलात का?" असं आलं की माझा जीव सुपाएवढा व्हायचा.

तिथे मला ताई भेटली. मी तासगावची म्हटलं, तर ती सांगलीची निघाली. आधी मी तासगाव म्हटलं, मग ती सांगलीची निघाली. हा क्रम तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही. मला वाटलं, देव पावला. दोन महिने रोज दुपारी आमच्या गप्पा. तिला माझं सगळं ऐकायला आवडायचं. मी गोड्या मसाल्यात दगडफूल किती घालते, इथे कडधान्यं कुठे मिळतात, शेजारच्या मामी माझ्या आमटीला सांबार म्हणतात म्हणून मला किती राग येतो. ती स्वतःविषयी फार बोलायची नाही. मी म्हणायचे, किती समंजस बाई, दुसऱ्याला बोलू देते. मला बोलू देणारं माणूस इतक्या वर्षांत पहिल्यांदा भेटलं होतं, हेही खरंच.

हळूहळू मुलीवर गप्पा आल्या. मी मंगळवारी आणि शुक्रवारी क्वार्टर्समधल्या मुलांना हिंदी शिकवायला जायचे. ताई म्हणाली, मग लेक तेवढा वेळ एकटी? मी म्हटलं, हो, दीड तास, पण गुणी आहे हो. ताई म्हणाली, बघावीशी वाटते. मी गणपतीतला तिचा हिरव्या परकरातला फोटो ब्राउझिंग सेंटरमध्ये नेऊन स्कॅन करून घेतला आणि ताईला पाठवला. ज्या सेंटरमध्ये पोरीला पाठवायची मला भीती, तिथे मी तिचा फोटो घेऊन ऐटीत गेले. ताई म्हणाली, दृष्ट काढ गं. मी खरोखर काढली. मग ती म्हणाली, लेकीचं मराठी कच्चं आहे म्हणतेस, तिचा मेल आयडी दे, छान छान मराठी गोष्टी पाठवीन. दिला.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, अशी म्हण आहे ना, ती माझ्यासाठीच असावी.

त्या शुक्रवारी मी हिंदीचा वर्ग आटपून आले, तर दारात हे बूट काढत होते आणि मुलगी हॉलमध्ये उभी. म्हणाली, "अनोळखी व्यक्तीचा मेल आला आहे. मी उत्तर नाही दिलं. दोघं बघा." अगदी नियमाला धरून.

आम्ही वाचलं. घरात आम्ही तिला ज्या लाडाच्या नावाने हाक मारतो त्या नावाने सुरुवात होती. पुढे लिहिलं होतं: "हिरव्या परकरात किती गोड दिसतेस. आज शुक्रवार, आई नाही ना घरी? मला आणखी फोटो पाठव, फक्त माझ्यासाठी. आईला सांगू नकोस हं, ती उगीच काळजी करते. आपलं दोघींचं गुपित."

 ताईचं ते "हं" मी दोन महिने रोज वाचत होते.

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मग तो लाल झाला, आणि ते मुलीकडे वळले. "ह्या बाईला हे सगळं कुणी सांगितलं?"

"मी नाही, बाबा."

"मग कुणी? भिंतींनी? शुक्रवारी आई नसते हे सांगितलंस, फोटो दिलास, आणि आता घाबरून दाखवायला आलीस."

"मी नाही दिला. मी कुणाशीच बोलत नाही."

ती रडायला लागली. रडता रडता तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी दारात उभी, हातात हिंदीची पुस्तकं. आता बोलायला हवं होतं, एवढं मला स्वच्छ कळत होतं. आणि मी काय बोलले? "आधी सगळे कॉफी घेऊ या." हे माझ्या तोंडून निघालेले शब्द, आजही आठवले की स्वतःच्या श्रीमुखात द्यावीशी वाटते.

ह्यांनी कॉम्प्युटरच्या वायरी काढून कपाटात घातल्या आणि किल्ली खिशात टाकली. मुलीला सांगितलं, महिनाभर बंद, आणि खरं बोलेपर्यंत मी तुझ्याशी बोलणार नाही. मी तिच्या आवडीची बटाट्याची भाजी केली. तिने ताटाला हात लावला नाही. मी मनात म्हणत होते, ह्यांचा राग उतरला की सांगू. पण घाबरत होते ते ह्यांच्या रागाला नव्हे. माझी अक्कल निघेल, बारा वर्षांच्या पोरीपुढे निघेल, याची मला लाज वाटत होती. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि वर कुंपण भाजी वाढत होतं.

सकाळी हे बूट घालत होते तेव्हा मी बोलले. ती शाळेचा गणवेश घालून समोरच बसली होती. सगळं सांगितलं: ताई, तासगाव, शुक्रवार, परकर, मेल आयडी. मध्ये थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता, म्हणून एका दमात. ह्यांनी घातलेला एक बूट काढून ठेवला. भोंगा वाजला आणि हे घरातच होते, असं मी पहिल्यांदा बघितलं. मग ते उठून मुलीसमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "मी तुझं ऐकून घ्यायला पाहिजे होतं. चुकलं माझं." चुकलं हा शब्द ह्यांना येतो हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं ते असं.

पुढे ह्यांनी तो मेल छापून पोलिसांकडे नेला. त्या माणसाचं पुढे काय झालं, ती ताई होती की कुणी दादा होता, आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मुलीचा आयडी बदलला. मंगळवार-शुक्रवारचे वर्ग मी आमच्याच हॉलमध्ये घ्यायला लागले.

पण त्या सकाळचं राहिलंच. मी तिला शाळेच्या व्हॅनपर्यंत सोडायला गेले. एरवी ती माझ्या पुढे पळायची, त्या दिवशी बरोबरीने चालत होती. मी म्हटलं, "मी कालच बोलायला हवं होतं. बाबा तुला बोलत होते तेव्हाच."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "परकराचं वाचलं तेव्हाच. तो फोटो तूच सेंटरला नेला होतास."

"मग तू बाबांना सांगितलं का नाहीस?"

"म्हटलं, तू सांगशील."

 काल संध्याकाळभर ती माझ्या वाटणीचं ऐकून घेत माझी वाट बघत बसली होती, आणि मी तिच्यापुढे भाजी सरकवत होते. व्हॅन वळणावर दिसली तेव्हा कसंबसं विचारलं, "यापुढे असं काही आलं तर सांगशील ना गं?"

तिने दप्तर खांद्यावर नीट केलं आणि जरा विचार केला. "सांगीन," ती म्हणाली. "पण आज तू बोलली नसतीस ना आई, तर मी परत कधीच काही सांगणार नव्हते."

आणि व्हॅनमध्ये चढून खिडकीपाशी बसली.